धाकट्या संघाचे पाठीराखे

फुटबॉलविषयी बोलावयास बसलेला माणूस बहुधा मोठ्या नावांनी आरंभ करतो. पेले, मॅराडोना, मेस्सी यांची नावे उच्चारली की ऐकणाऱ्यांचे कान आपोआप टवकारतात. मला आज नेमके उलट करावयाचे आहे. ज्या संघांची कीर्ती वृत्तपत्राच्या जिल्हा पानापलीकडे सहसा जात नाही, ज्यांचे बरेचसे खेळाडू आज संध्याकाळी सामना खेळून उद्या सकाळी आपापल्या कामावर किंवा कॉलेजात हजर होतात, अशा धाकट्या संघांवर जन्मभर जीव लावणाऱ्या माणसांविषयी मी आपणांशी बोलणार आहे. त्यांपैकीच मी एक आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसलेल्या नवनगरात मी राहतो व शाळेत शिकवितो. माझ्या वर्गातील मुले बार्सिलोना आणि माद्रिद येथील खेळाडूंची नावे पाढ्यांपेक्षाही बिनचूक म्हणतात. एकदा त्यांतील एकाने मला विचारले, “सर, तुमचा संघ कोणता?” मी म्हणालो, “कोल्हापूरच्या एका तालमीचा.” “तो कोणत्या लीगमध्ये खेळतो?” “कोल्हापूरच्या.” “आणि जिंकला तर पुढे कुठे जातो?” मी म्हणालो, “पुढे कुठे नाही. गुलाल उधळीत आपल्या पेठेत परत येतो.” वर्ग खळखळून हसला. परंतु त्या मुलाच्या प्रश्नात एक खरी अडचण होती. ज्या संघाला सहसा वरची पायरी चढावयाची नाही, जो कधी देशाचा विजेता होणार नाही, त्याच्यासाठी शहाण्यासुरत्या माणसांनी उन्हात बसून घसा का कोरडा करावा? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो.

प्रथम ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कोल्हापूर म्हटले की कुस्ती डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले, आणि पेठापेठांतील तालमींना प्रतिष्ठा लाभली. तालीम म्हणजे मुळात लाल मातीचा हौदा आणि जोर-बैठका काढण्याची जागा. परंतु कोल्हापुरात ती तेवढीच राहिली नाही. तालीम ही पेठेची चावडी झाली, गणेशोत्सवाचे मंडळ झाली, अडल्यानडल्याला धावून जाणारी संस्था झाली. आणि फुटबॉल या गावात रुजला तेव्हा या तालमींनी त्यालाही आपल्या उंबऱ्याच्या आत घेतले. म्हणूनच तेथील संघांची नावे इतर गावांतील क्लबांसारखी वाटत नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावे ऐकावीत. प्रॅक्टिस क्लबासारखे एखादे इंग्रजी नाव सोडले, तर बहुतेक नावांना पेठेच्या मातीचा वास येतो. यांपैकी कोणता संघ माझा, हे मी सांगणार नाही. सांगितले तर कोल्हापूरचे निम्मे श्रोते येथेच रेडिओ बंद करतील.

या संघांचे सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन भरविते व ते राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. पावसाळा सरून थंडी पडू लागली की हंगामाचे वेध लागतात, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत गावात दुसरा विषय नसतो. आधी साखळी सामने, मग चषकांच्या स्पर्धा. तिकीट काढून लोक आत जातात. कोणत्या तालमीच्या माणसांनी कोठे बसावयाचे हे ठरून गेल्यासारखे असते. हलगी कडाडते, झेंडे नाचतात, आणि पंचाने एखादा निर्णय विरुद्ध दिला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. प्रेक्षकांत भाजीविक्रेते असतात, वकील असतात, वाहने दुरुस्त करणारे असतात, निवृत्त शिक्षक असतात. त्यांतील कित्येकांचे वडील त्याच बाजूला बसत आलेले असतात.

मी ख्रिस्ती घरातला. परंतु लहानपणी तालमीच्या दारात उभा राहिलो तेव्हा मला कोणी माझा धर्म विचारला नाही. चेंडू कोणत्या पायाने मारतोस, एवढेच विचारले. ज्या गावातील तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, तेथे याचे नवल कोणी करीत नाही. माझ्यासारख्याला या संघांविषयी जी माया वाटते तिचे मूळ येथे आहे. संघ हा आमच्यासाठी पाहण्याचा विषय नव्हता, तो राहण्याचा पत्ता होता.

आता देशाच्या फुटबॉलकडे पाहू. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. प्रखर दिवे, परदेशी खेळाडू, दूरचित्रवाणीवरील झगमगाट असे पुष्कळ काही तिने आणले. तिच्या खाली आणखी राष्ट्रीय पायऱ्या, त्याखाली राज्यांच्या स्पर्धा, आणि अगदी तळाशी जिल्ह्याच्या साखळ्या. कोल्हापूरच्या तालमी या तळाच्या पायरीवर उभ्या आहेत. पण इमारतीचा पाया तळाशीच असतो, आणि वरच्या मजल्यावरील माणसांना त्याची आठवण बहुधा तडे गेल्यावरच होते.

तडे जातात म्हणजे काय होते, याची उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ साली नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. देशातील सर्वश्रेष्ठ संघ म्हणून त्याचे नाव झाले. २०१० साली तो बंद करण्यात आला. पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी गिरणीच्या संघाने १९९६-९७ साली याच स्पर्धेचे पहिलेवहिले विजेतेपद पटकावले होते. तोही २०११ साली बंद झाला. गोव्याचा धेंपो क्लब तर पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला. तो एकदा खालच्या श्रेणीत घसरला, एका वर्षात पुन्हा वर चढण्याइतका खेळला, आणि २०१६ साली साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या इतर दोन संघांसह राष्ट्रीय स्पर्धेतूनच बाहेर पडला. कारण असे की, देशाच्या फुटबॉलची जी नवी घडी बसविली जात होती तीत या जुन्या संघांना मानाचे स्थान उरत नव्हते. पुढे धेंपो संघ खालच्या पायरीवरून, द्वितीय श्रेणीतून खेळून, २०२४ साली पुन्हा आय-लीगमध्ये आला. मधल्या वर्षांत ज्यांनी गोव्यातील स्थानिक सामन्यांना जाऊन त्या संघाची साथ केली, त्यांची संख्या थोडी असेल. परंतु संघ टिकला तो अशाच थोड्यांच्या आणि त्यांना न विसरणाऱ्या चालकांच्या बळावर.

या उदाहरणांतून मला जे दिसते ते असे. जो संघ एखाद्या कंपनीच्या हिशेबवहीत जन्माला येतो, तो त्याच वहीत मरू शकतो. त्यात कोणाचे पाप असते असे नाही. कंपनीने वर्षानुवर्षे पैसा घातला, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, हे उपकारच होत. परंतु संघ बंद करावयाचा की नाही, असा प्रश्न जेव्हा येतो तेव्हा प्रेक्षकाला कोणी विचारीत नाही. तो टाळ्या वाजविणारा होता. टाळ्या वाजविणाऱ्याला मत नसते.

मग प्रेक्षकाने विचारले जाण्याची वाटच पाहू नये, असे एका ठिकाणी घडले. ती हकिगत इंग्लंडची आहे. पण तिचा बोध आपल्याही उपयोगी पडेल असा आहे. लंडनच्या विम्बल्डन या भागात टेनिसप्रमाणे एक फुटबॉल संघही होता. १९८८ साली त्याने लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला एका गोलाने हरवून इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक जिंकला. पुढे दिवस पालटले. चालकांनी असे ठरविले की, संघ उचलून सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या गावी न्यावा. योगायोग असा की, तेही एक आखून-मोजून वसविलेले नवनगरच. पाठीराख्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. २००२ सालच्या मे महिन्यात तिघांच्या चौकशी मंडळाने दोघांच्या मताने स्थलांतरास परवानगी दिली.

संघ गेला, परंतु पाठीराखे गेले नाहीत. त्यांनी काही आठवड्यांतच नवा संघ काढला. गावाच्या माळावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली. ज्याला यावयाचे असेल त्याने यावे, असे जाहीर केले. एफ. सी. ऐवजी ए. एफ. सी. विम्बल्डन असे नाव ठेवले. मालकी पाठीराख्यांच्या न्यासाकडे ठेवली. आरंभ अगदी खालच्या, हौशी खेळाडूंच्या श्रेणीतून झाला. जो प्रेक्षक कधी काळी लिव्हरपूलशी झालेली झुंज पाहून आला होता, तो आता छोट्या गावांच्या, कुंपणही नसलेल्या मैदानांच्या कडेला उभा राहू लागला. त्या काळात या संघाने साखळीतील ७८ सामने एकही पराभव न पत्करता खेळून काढले. नऊ हंगामांत पाच पायऱ्या चढून २०११ साली तो इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला. २०२० सालच्या नोव्हेंबरात, पाठीराख्यांनी स्वतः उभ्या केलेल्या पैशाच्या मोठ्या आधारावर बांधलेल्या आपल्या भागातील मैदानावर तो परतला. आणि तो पहिला सामना करोनाच्या साथीमुळे रिकाम्या आसनांपुढे खेळावा लागला. ज्यांनी मैदान बांधले त्यांनीच तो घरी बसून पाहिला! त्यानंतर संघ पुन्हा एक पायरी घसरला आणि २०२५ साली पुन्हा वर चढला. पाठीराख्यांच्या जीवनात सुखदुःखाचे हे चक्र असेच चालावयाचे.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते पायऱ्या चढणे नव्हे. समजा, तो संघ तळाच्या श्रेणीतच राहिला असता, तर त्या माणसांचे करणे वाया गेले असते काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली की, संघ म्हणजे नोंदणीचा कागद नव्हे व मैदानाचा सातबाराही नव्हे. ज्यांना तो आपला वाटतो त्यांचा समुदाय म्हणजे संघ.

मोठ्या संघाला पाठीराख्यांची संख्या हवी असते; धाकट्या संघाला प्रत्येक पाठीराखा हवा असतो. बार्सिलोनाच्या सामन्याला नवनगरातील एक मुलगा झोप लागून मुकला, तर बार्सिलोनाचे काहीही बिघडत नाही. परंतु तालमीच्या सामन्याला नेहमीचा एखादा म्हातारा आला नाही, तर मध्यंतरात दोघे-तिघे तरी विचारतात, “अण्णा दिसत नाहीत ते? बरे आहेत ना?” तुमच्या नसण्याने जेथे काही उणे पडते, तेथेच तुमच्या असण्याला अर्थ असतो. माझ्या विद्यार्थ्याने विचारले होते की, जिंकून काय मिळते. त्याचे उत्तर हेच की, येथे मिळण्याचा प्रश्न दुय्यम आहे. येथे तुम्ही लागता.

परंतु श्रोतेहो, एवढे सांगून थांबलो तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल. पेठेच्या निष्ठेला एक काळी बाजू आहे आणि ती आपल्या घरातील असल्यामुळे ती आपणच बोलून दाखविली पाहिजे. शाहू स्टेडियमवरील सामन्यांनंतर हुल्लडबाजी, हाणामारी, दगडफेक झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. मैदानात दोन संघ खेळतात, आणि बाहेर दोन पेठा एकमेकींच्या वैरिणी होतात. अलीकडे तर हे भांडण मोबाइलवर आधी सुरू होते आणि मैदानावर नंतर येते. कोणी कोणाची टिंगल करणारे चित्र धाडतो, कोणी त्याला आव्हान देतो, आणि सामन्याचा पहिला चेंडू उडण्यापूर्वीच रक्त तापलेले असते.

याची किंमत कोण भरतो? दगड मारणारा मारून पळतो. पोलिसांत नाव जाते ते एखाद्या वीस वर्षांच्या पोराचे. पुढे भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी निघाली की ते नाव आडवे येते. पोलीस दल, सैन्य, रेल्वे या ज्या वाटांनी आपल्याकडील खेळाडू पोटापाण्याला लागतो, त्याच वाटांवर आपण आपल्या हाताने काटे पसरतो. लहान मुलाला घेऊन येणारा बाप दुसऱ्या खेपेस येत नाही. खेळ पाहावयास येणाऱ्या मुली येईनाशा होतात. मग गर्दी तेवढी उरते, प्रेक्षक उरत नाहीत.

मी वर म्हटले की, संघ पाठीराख्यांचा असतो. ते खरे असेल तर त्याचा दुसरा अर्थही पत्करला पाहिजे. विजय आपला म्हणून मिरवणुकीत नाचावयाचे, आणि दगडफेक मात्र “काही समाजकंटकांची” म्हणून हात झटकावयाचे, हे चालणार नाही. कंपनीच्या संघाचा प्रेक्षक तसे म्हणू शकेल, कारण तो पाहुणा आहे. पेठेतल्या माणसाला ते म्हणता येत नाही. तो यजमान आहे. दगड उचलणारा पोरगा कोणाचा, कोणत्या गल्लीतला, हे शेजारी बसलेल्या चौघांना ठाऊक असते. पोलिसांच्या काठीने जे होत नाही ते अशा वेळी चुलत्याच्या किंवा तालमीतल्या जुन्या गड्याच्या एका हाकेने होते. “खाली ठेव तो दगड, आपली तालीम आहे ही,” असे म्हणणारा एक वडीलधारा प्रत्येक बाकावर असेल, तर बंदोबस्ताची गरज निम्म्याने उतरेल. आपलेपणा हा जसा भांडणाचे कारण होतो तसाच तो त्यावरचा उताराही होऊ शकतो. तो कोणत्या कामी लावावयाचा, हे आपल्या हाती आहे.

याखेरीज पाठीराख्याची आणखी दोन साधी कर्तव्ये मला दिसतात. पहिले असे की, त्याने पराभवाच्या दुसऱ्या दिवशीही सरावाच्या मैदानाकडे फिरकावे. जिंकलेल्या संघाला माणसांची वाण नसते. हरलेल्या गोलरक्षकाला मात्र कोणी तरी पाठीवर हात ठेवणारा हवा असतो. दुसरे असे की, त्याने वर्गणी देताना हिशेबही विचारावा. अलीकडे तालमींच्या संघांतून बाहेरगावचे आणि आफ्रिकेतूनही आलेले खेळाडू खेळतात. त्यांच्या खेळाने सामन्यांची रंगत वाढते, यात संशय नाही. ते आपले पाहुणे आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण चषकाच्या हव्यासाने सगळा पैसा एकाच हंगामात उडाला, आणि पेठेतल्या बारा वर्षांच्या पोराला धड चेंडू नाही, असे झाले तर वर्गणीदाराने उठून विचारले पाहिजे. विम्बल्डनच्या लोकांनी मालकी घेतली ती काही केवळ अभिमान मिरविण्यासाठी नव्हे; वह्या तपासण्यासाठीही.

त्या बारा वर्षांच्या पोरावर किती अवलंबून आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत आपले तिन्ही सामने हरला. परंतु ज्या गावातील पायरीला देशाच्या फुटबॉलच्या कोष्टकात तळाचे स्थान आहे, त्या गावाचा मुलगा जगाच्या स्पर्धेत भारताचा गणवेश घालून उभा होता. असे मुलगे आकाशातून पडत नाहीत. ज्या गावात संध्याकाळी चेंडूचा आवाज येतो, जेथे मोठी माणसे तिकीट काढून लहान संघांचा खेळ पाहतात, तेथे मुलांना हा खेळ खेळण्याजोगा वाटतो. एखाद्या मुलाच्या पायांत गुण असतात ते त्याचे. पण ते पाहावयास कोणी थांबले, हे गावाचे.

नवनगरापासून कोल्हापूर सुमारे २०० किलोमीटर आहे. प्रत्येक सामन्याला जाणे मला जमत नाही. हल्ली मोबाइलवर बरेच सामने दिसतात आणि त्यावर मी तहान भागवितो. परंतु पाठीराखा होण्यासाठी कोल्हापुरास जाण्याची, किंवा तेथे जन्म घेण्याची, गरज नाही. हुबळीत, धारवाडात, बेळगावात, मिरजेत, सावंतवाडीत, जेथे कोठे आपण हे भाषण ऐकत असाल तेथे रविवारी सकाळी एखाद्या मैदानावर बावीस मुले खेळत असतील. त्यांच्या गणवेशांचे रंग एकसारखे नसतील, गोलच्या जाळ्याला भोके असतील, आणि पाहणारे दहा-बारा असतील. आपण अकरावे किंवा तेरावे व्हावे. एका संघाचे नाव विचारून घ्यावे. पुढच्या रविवारी पुन्हा जावे, आणि तो हरला असेल तर जरूर जावे. तीन महिन्यांनी आपल्याला त्यातील मुलांची नावे येतील; सहा महिन्यांनी त्यांना आपले येईल.